पाथरीच्या ओसरीवर ओझरची धावपट्टी

आमच्या पाथरीला विमानतळ नाही. आगगाडी गाठायची तरी मानवत रोड किंवा सेलूपर्यंत जावे लागते. सभोवार काळी जमीन, कापूस आणि सोयाबीन, दक्षिणेला काही कोसांवर गोदावरी, आणि डोक्यावर कधीतरी फार उंचावरून जाणारी एखादी पांढरी रेघ, एवढाच आमच्या गावाचा आणि विमानांचा संबंध. तरीही सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस, सारा मराठवाडा अतिवृष्टीने बुडत असताना, आमच्या घराच्या ओसरीवरून एक मिग-२१ उडाले. ते पुन्हा खाली उतरेपर्यंत आमच्या घरात जे घडले, ते लिहून ठेवावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

माझे वडील मूळचे पाथरीचे. तेव्हाच्या औरंगाबादला आय.टी.आय.चे शिक्षण घेऊन साठच्या दशकात ते ओझरच्या विमान कारखान्यात रिव्हेट मारणारे कामगार म्हणून लागले. नाशिकपासून सुमारे वीस किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गावर ओझर हे गाव आहे. सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार मिग-२१ विमाने भारतात बांधायची ठरली आणि १९६४ साली त्यासाठी हिंदुस्तान एरॉनॉटिक्सचा नाशिक विभाग उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. आरंभी रशियातून आलेले भाग येथे जोडले जात. १९७० पर्यंत कच्च्या मालापासून संपूर्ण विमान येथेच घडू लागले. यशवंतराव चव्हाण त्या काळी संरक्षणमंत्री होते आणि नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले होते. त्यामुळे हा कारखाना म्हणजे यशवंतरावांनी नाशिकला दिलेली भेट, असे तिकडची जुनी माणसे आजही मानतात. गावाचे नावही कारखान्याने बदलून टाकले. एस.टी.च्या पाट्यांवर ‘ओझर मिग’ असे लिहिलेले असे, आणि लहानपणी मला मिग हे गावाचे आडनावच वाटत असे.

आमचे बालपण त्या वसाहतीत गेले. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की सायकलींची रांग फाटकाकडे निघे. धावपट्टी पूर्व-पश्चिम, सुमारे तीन किलोमीटर लांब. उत्तरेला सातमाळ्याची डोंगररांग आणि चहूकडे निफाड तालुक्यातील द्राक्षांचे मळे. चाचणीसाठी विमान उडाले की शाळेत गुरुजींचा आवाज बुडून जाई, आणि ते परत उतरेपर्यंत आमचे लक्ष पाढ्यांत नसे. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला आम्ही सारे नाशिकरोडला जात असू. नाताळात शेजारच्या घरी फराळाचे ताट न्यायचे काम माझ्याकडे असे, आणि दिवाळीत तेच ताट भरून परत येई. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे तेथे एका भोंग्यावर उठत आणि एका भोंग्यावर घरी येत.

बाबा कारखान्यातले काही सांगत नसत. ‘फाटकाच्या आतलं फाटकाच्या आत’ हा त्यांचा नियम होता. त्यांनी मला फक्त कामाची रीत सांगितली होती. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर एकाने बाहेरून रिव्हेटची बंदूक धरायची, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा लावायचा. दोघांचा दाब सारखा असला तरच रिव्हेट नीट बसते. हत्यारे मोजून घ्यायची आणि मोजून परत करायची, कारण विसरलेला एक पाना विमानाच्या पोटात फिरत राहिला तर काय होईल, हे प्रत्येकाला ठाऊक असे. काम झाले की तपासनीस येई, बोट फिरवी आणि कागदावर शिक्का मारी. “शिक्का त्याचा, पण हात माझा,” असे बाबा म्हणत. त्यांच्या बोलण्यात अभिमान असे. परंतु त्यासोबत आणखीही काहीतरी असे, ज्याचा उलगडा मला फार उशिरा झाला.

निवृत्तीनंतर बाबा आईसह पाथरीला परतले. मी आधीच येथे शिक्षक म्हणून आलो होतो. आता आई नाही. बाबांनी ऐंशी ओलांडली आहे. कान मंदावले आहेत, परंतु रविवारी मिस्सात पेटी वाजवायला अजूनही तेच बसतात.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले. १९६३ साली त्याच शहरात या विमानाची पहिली तुकडी उभी राहिली होती. म्हणजे बासष्ट वर्षांची सेवा. दूरदर्शनवर तो सोहळा आम्ही पाहिला. हवाई दलप्रमुखांनी स्वतः विमान उडवले, आणि परतलेल्या विमानांवर पाण्याचे फवारे सोडून त्यांना मानवंदना देण्यात आली. बाबा खुर्चीच्या कडेला बसून पाहत होते. कार्यक्रम संपल्यावर ते एवढेच म्हणाले, “चंदीगडला निरोप दिला. जन्मगावी कोण देणार?”

हे वाक्य माझ्या मुलाने ऐकले. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पावसामुळे महाविद्यालय बंद झाल्याने घरी आला होता. त्याच्या संगणकावर विमान उडवण्याचा एक कार्यक्रम आहे. हा खेळ दिसतो, परंतु त्याच्यामागे मोठे गणित असते. विमानाचे वजन, वेग, पंखांचा आकार, हवेची घनता यांवरून क्षणाक्षणाला हिशेब होतो आणि पडद्यावरचे विमान खऱ्यासारखे वागते. असे कार्यक्रम घरगुती संगणकांवर चाळीसहून अधिक वर्षे आहेत; मायक्रोसॉफ्टचा पहिला १९८२ साली आला. १९९७ पासून तर जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून बनवलेला एक कार्यक्रम फुकटही मिळतो. त्यात जगातील विमानतळ नकाशावरच्या खऱ्या जागी असतात. मुलाने शोधून पाहिले. ओझर होते. कोणीतरी बनवलेले मिग-२१ ही होते.

“आजोबा, तुम्ही इथं बसा,” तो म्हणाला. “निरोप आपण देऊ. ओझरहूनच.”

आधी बाबांनी पडदा निरखून पाहिला. धावपट्टी होती, परंतु तिच्याभोवती नुसते हिरवे पठार. “आमची वसाहत कुठं आहे?” असे त्यांनी विचारले. मग दोन दिवस आजोबा आणि नातू यांचे वेगळेच काम सुरू झाले. बाबा सांगत गेले: येथे पाण्याची टाकी, येथे घरांच्या रांगा, येथे गुलमोहर, या वळणावर चहाची टपरी. मुलगा त्या त्या जागी पडद्यावर घरे व झाडे ठेवत गेला. फाटक आले. त्याने विचारले, “आणि आत? हँगर कुठं कुठं होते?” बाबांनी मान हलवली. “ते राहू दे. फाटकाच्या आतलं फाटकाच्या आत.” निवृत्तीला इतकी वर्षे झाली तरी त्यांचा नियम मोडला नव्हता. मुलाने हट्ट धरला नाही. आमच्या स्मारकात म्हणूनच कारखाना नाही. कारखान्याकडे जाणारा रस्ता तेवढा आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज गेलेली होती. इन्व्हर्टरवर संगणक चालू होता, आणि बाहेर पाऊस कोसळत होता. मुलाने विमान धावपट्टीच्या पश्चिम टोकाला उभे केले. बाबांनी सदऱ्याची गुंडी लावली. गर्जना झाली, द्राक्षमळे मागे गेले आणि विमान पूर्वेकडे वर चढले.

“आता कुठं जायचं, आजोबा?”

“घरी,” बाबा म्हणाले.

ओझरहून पाथरी सरळ रेषेत सुमारे २८० किलोमीटर. सुट्टीत आम्ही एस.टी.ने निघालो की अख्खा दिवस प्रवासात जाई. पडद्यावरचे मिग गोदावरीच्या काठाकाठाने निघाले. नांदूर मध्यमेश्वर आले, कोपरगाव आले, पुणतांबे आले. पैठणला नाथसागराचे पाणी आरशासारखे पसरलेले दिसले. जे नाव आम्ही एस.टी.च्या थांब्यांवर ऐकत आलो, ते प्रत्येक वरून दिसत होते, आणि बाबा बोट ठेवून ते मोठ्याने उच्चारत होते. पंचवीस मिनिटांच्या आत आमचे गाव खाली आले. पडद्यावरची गोदावरी निळी आणि शांत होती. खरी गोदावरी त्याच क्षणी पात्र सोडून शेतांत शिरली होती आणि काठच्या गावांतील माणसे शाळांमध्ये हलवली जात होती. त्या दोन नद्यांमध्ये आमच्या घराची एक भिंत होती.

“इथं उतरायला जागा नाही,” मुलगा म्हणाला.

“मग परत ने. जिथून उडालं, तिथंच उतरव.”

मिग-२१ उतरवणे सोपे नव्हे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्याचे पंख लहान आणि त्रिकोणी. त्यामुळे ते ध्वनीच्या दुप्पट वेग गाठू शकते. परंतु हळू उडणे त्याला मानवत नाही. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेग ठेवून ते जमिनीला टेकवावे लागते आणि मागे छत्री उघडून थांबवावे लागते. त्या वेगात वैमानिकाला विचार करायला क्षण उरत नाही. मुलाने वेग कमी केला, जरा जास्तच कमी केला. विमानाचे नाक उचलले, एक पंख कलला आणि धावपट्टीच्या अलीकडेच ते जमिनीवर आदळले. पडदा क्षणभर थिजला. मुलगा हसला. “थांबा, पुन्हा सुरू करतो.”

बाबा उठले होते. काठी न घेताच ते ओसरीच्या कडेला जाऊन पावसाकडे पाहत उभे राहिले.

मी त्यांच्याजवळ गेलो. बऱ्याच वेळाने ते बोलले. “तिथं पुन्हा सुरू करायचं बटण नव्हतं रे.”

त्या रात्री बाबांनी जे सांगितले ते माझ्या उभ्या आयुष्यात प्रथमच सांगितले. वर्तमानपत्रात मिग कोसळल्याची बातमी आली की ते आधी वैमानिकाचे नाव वाचत, मग वय, आणि मग विमानाचा प्रकार. आपण बांधलेल्या प्रकारांपैकी असेल तर त्या दिवशी डबा तसाच परत येई. आईला कारण माहीत होते. आम्हा मुलांना ती पोट बिघडल्याचे सांगे. “वाटायचं, आतला ठोकळा त्या दिवशी मी नीट धरला होता ना? शिक्का मारणाऱ्यानं बोट फिरवलं होतं, पण बोटाला सगळं कळतं का?” लोक त्या विमानाला उडती शवपेटी म्हणू लागले तेव्हा हे बोल बाबांना आपल्या हातांना लावलेले वाटले. २०१२ साली संरक्षणमंत्र्यांनी संसदेत आकडे दिले: १९७१ पासून तोवर मिग विमानांचे ४८२ अपघात झाले होते, त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मरण पावले होते. ते कात्रण बाबांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात होते. मी पुस्तक कितीदा हाताळले होते. कात्रण कधी उघडून पाहिले नव्हते.

“त्यातलं एखादं तुमच्या हातचं होतं का, बाबा?”

“कुणाला ठाऊक? ठाऊक नाही, म्हणूनच सगळी माझी.”

मी शिक्षक माणूस. मी कारणे सांगू लागलो. अपघातांमागे यांत्रिक दोष असत, तशाच मानवी चुकाही असत. आणि त्या चुकांच्या मुळाशीही कारण होते. नवशिक्या वैमानिकांना संथ प्रशिक्षण विमानावरून एकदम या वेगवान विमानावर यावे लागे. मधल्या पायरीचे विमान हवे, असे १९८२ मध्येच एका समितीने सांगितले होते. ते ‘हॉक’ विमान हवाई दलात आले २००८ मध्ये. मधल्या सव्वीस वर्षांचा हिशेब रिव्हेट मारणाऱ्याने का द्यावा? बाबांनी सारे ऐकून घेतले. “तुझं खरं असेल,” ते म्हणाले. “पण त्या आईला हे सांगून काय उपयोग?”

ती आई कोण, हे मी ओळखले. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हा मराठी वैमानिक १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे मिग-२१ च्या अपघातात गेला. चूक मुलाची, हा ठपका त्याच्या आईवडिलांनी स्वीकारला नाही. कविता गाडगीळ आणि कॅप्टन अनिल गाडगीळ यांनी त्याविरुद्ध लढा दिला, हवाई सुरक्षेसाठी मुलाच्या नावाने प्रतिष्ठान काढले, आणि पुण्यात सिम्युलेटरवर वैमानिकांना शिकवणारी संस्था उभी केली. ज्या दुःखाने एखादे घर मिटून बसले असते, त्यातून त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. बाबांना हे सारे माहीत होते. मात्र ‘सिम्युलेटर’ म्हणजे नेमके काय, ते त्यांनी त्या संध्याकाळी प्रथम पाहिले होते.

माझा मुलगा दाराआडून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आजोबांच्या पेटीजवळ जाऊन बसला. “आजोबा, हे पहिलं यंत्र कशापासून झालं, ठाऊक आहे? याच्यापासून,” असे म्हणून त्याने पेटीच्या भात्यावर हात ठेवला. मग त्याने सांगितले ते मलाही नवे होते. अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. विमान शिकायला फार पैसे पडतात म्हणून त्याने १९२९ मध्ये लाकडाचे एक बुटके विमान बनवले आणि ते ऑर्गनच्या भात्यांवर बसवले. भाते फुगले-मिटले की ते विमान कलायचे, वळायचे. लोकांनी ते जत्रेतले खेळणे समजून हसण्यावारी नेले. १९३४ साली अमेरिकी लष्कराकडे हवाई टपालाचे काम आले आणि धुक्या-वादळांत काही आठवड्यांतच अनेक वैमानिक मेले. तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात त्यांवर पाच लाखांहून अधिक जण शिकले.

“म्हणजे जमिनीवर पडून घ्यायचं, वर पडू नये म्हणून,” बाबा म्हणाले.

“होय. काल मी पडलो, ते त्यासाठीच. पण हसायला नको होतं मी, आजोबा.”

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग भाता हळूच उघडून एक सूर धरला, पुष्कळ वेळ धरला.

पुढचे आठ दिवस मुलाने दुसरे काही केले नाही. पाऊस ओसरला, पूर उतरला, शेतांत सडलेल्या सोयाबीनचा वास गावभर पसरला. दिवसा तो गावातील पोरांबरोबर पूरग्रस्तांना धान्य वाटायला जाई आणि रात्री विमान उतरवण्याचा सराव करी. कितीदा आदळले याची त्याने वहीत नोंद ठेवली. हसला मात्र एकदाही नाही. मग एका रात्री त्याने आजोबांना पुन्हा हाक मारली.

या वेळी घरापर्यंत यायचे नव्हते. ओझरवरून एक फेरी मारून खाली यायचे, एवढेच. बाबा खुर्चीत ताठ बसले. त्यांच्या हातात एक जुने चित्र होते: लोरेटोची माता. कारखान्यातील एका मंगळुरी सहकाऱ्याने ते त्यांना दिले होते, आणि हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला ते वर्षानुवर्षे चिकटवलेले असे. नाझरेथचे पवित्र घर देवदूतांनी उचलून इटलीतील लोरेटोला आणले अशी श्रद्धा आहे. म्हणून पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२० साली या मातेला वैमानिकांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. सातमाळ्याची रांग उजवीकडून गेली. धावपट्टी समोर आली. वेग, उंची, पुन्हा वेग. मुलाच्या कपाळावर घाम होता. चाके टेकली, मागे छत्री उघडली, विमान धावत धावत मंदावले आणि थांबले. फाटकाकडे जाणारा रस्ता बाजूला दिसत होता, आणि त्याच्या कडेला आमचा गुलमोहर.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाबा पुढे वाकले. पडद्यावर, विमानाचा पंख धडाला जेथे जोडलेला असतो तेथे, त्यांनी बोट ठेवले आणि ते हळूहळू फिरवले. तपासनीस फिरवी, तसे.

“उतरलं,” ते म्हणाले.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरहून आणखी एक विमान उडाले. नाशिकच्या कारखान्यात बांधलेले ते पहिले तेजस मार्क-१ए. संरक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत सोहळा झाला. मी बाबांना बातमी वाचून दाखवली. त्यांनी लक्षपूर्वक ऐकली आणि ते विमान सुखरूप उतरल्याचेही लिहिले आहे का, असे विचारले.

नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवशी आम्ही कुटुंबातील मृतांची नावे कागदावर लिहून मिस्सासाठी देतो. आजी, आजोबा, आई, आत्या. या वर्षी शेवटी एक ओळ बाबांनी स्वतः, थरथरत्या अक्षरात लिहिली. कागद देताना मी ती वाचली: ‘मिगचे वैमानिक, १७१, आणि ज्यांच्यावर ती विमाने पडली ते.’ फादरांनी यादी वेदीवरून वाचली. त्या ओळीशी ते क्षणभर थांबले आणि मग तीही त्यांनी इतर नावांच्याच सुरात वाचली. बाबा पेटीवर होते. गीताचा पहिला सूर त्या दिवशी त्यांनी जरा उशिरा धरला.